'ट्रॅप' दिसला की आधी थांब

पोरी, जर्मन चांगली येते म्हणून नैसर्गिक वायूचा इंग्रजी अहवाल जर्मनमध्ये अनुवादायला सोपा जाईल असं समजू नकोस. आधी खडक समजून घे.

आपण मराठवाड्यातली माणसं. विहीर खोदताना लागणारा काळा पाषाण म्हणजे दख्खन ट्रॅप. हा शब्द 'पायरी' या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला, आणि जर्मनमध्येही तो 'ट्राप'च राहतो. पण वायूच्या अहवालातला ट्रॅप वेगळा. तिथं वायू वर सरकताना अडकून साठतो, म्हणून जर्मन 'फाले', म्हणजे सापळा. दोन्ही एकाच पानावर आले तर घोळ ठरलेलाच.

वायू जिथं तयार होतो तो खडक 'मुटरगेश्टाइन', आईखडकच म्हण ना! मला हा शब्द फार आवडतो. साठतो तो 'श्पाइशरगेश्टाइन'. उत्तर जर्मनीत रोटलीगेंड नावाच्या वालुकाश्मात वायू साठलाय आणि वर त्सेखश्टाइन नावाच्या थरातल्या मिठाचं झाकण आहे. या थरांचा उभा छेद एकदा कागदावर काढ, निम्मे शब्द आपोआप जागेवर बसतील.

'शेल'ला, म्हणजे चिखलाच्या थरांपासून बनलेल्या खडकाला, नुसतं 'शीफर' लिहू नकोस, त्यात स्लेट, म्हणजे पाटीचा दगडही येतो. खडकाला 'टोनश्टाइन' किंवा 'शीफरटोन' लिही. वायूला मात्र 'शीफरगास' रूढ आहे.

आकडे तर दोनदा तपास. इंग्रजी बिलियन म्हणजे आपला अब्ज, जर्मन 'मिलियार्डे'. जर्मन 'बिलिओन' त्याच्या हजारपट! १ ट्रिलियन घनफूट म्हणजे सुमारे २८.३ अब्ज घनमीटर, आणि जर्मनमध्ये तिथं दशांशबिंदूऐवजी स्वल्पविराम येतो.

पहिला मसुदा झाला की मला दाखव, सोबत तुझी शब्दसूचीही आण.