डिस्क अमेरिकेची, खाते भारतातले : ‘लेगो स्टार वॉर्स : द स्कायवॉकर सागा’बद्दल

आपण लिहिले आहे की, अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेली ‘द स्कायवॉकर सागा’ या व्हिडिओ गेमची डिस्क घरच्या कन्सोलवर व्यवस्थित चालते, परंतु भारतातील खात्यातून विकत घेतलेला पात्रांचा जादा संच खेळात कुलूपबंदच दिसतो. या खेळात दोष फार आहेत असे अनेक खेळाडूंचे मत वाचनात आल्यामुळे खेळ काढून टाकून, साठवलेली प्रगतीही पुसून, पहिल्यापासून सुरुवात करावी का, असा आपला प्रश्न आहे. आठ वर्षांच्या मुलाला जुने लेगो खेळ अधिक आवडतात, तेव्हा हा ठेवावा की विकावा, हेही आपण विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्यात उशीर झाला तर नुकसान होईल : कृपया प्रगती पुसू नका. आपल्या कन्सोलमध्ये बिघाड नाही, खेळातही नाही, आणि पुसल्याने तो संच दिसू लागणार नाही.

मी हे इतक्या खात्रीने लिहिते, कारण 2022 सालच्या दिवाळीत आमच्या घरी अगदी हेच घडले. माझ्या दिरांनी न्यू जर्सीहून मुलीसाठी ही डिस्क आणली होती. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती, आणि तिला ग्रोगू हे छोटे हिरवे पात्र हवे होते. बाकी कोणत्याही पात्राचे तिला फारसे कौतुक नव्हते. ते ‘मँडलोरियन’ या स्टार वॉर्स मालिकेच्या पॅकमध्ये येते, आणि ते पॅक सात पॅकच्या पहिल्या संचात मिळते, एवढी माहिती काढून मी माझ्या भारतातील खात्यातून तो संच विकत घेतला. पैसे कापले गेले, डाउनलोड पूर्ण झाले, खरेदीच्या यादीत नाव आले. खेळात मात्र त्या पात्रांवरचे कुलूप तसेच राहिले.

कारण साधे आहे, परंतु ते खरेदीच्या पानावर मला कोठेही ठळकपणे दिसले नाही. आमच्याकडे आहे त्या प्रकारच्या कन्सोलवर खेळाची डिस्क कोणत्याही देशाची चालते, पण जादा सामग्री मात्र ज्या विभागाची डिस्क त्याच विभागाच्या दुकानातून घ्यावी लागते. अमेरिकेसाठी छापलेली डिस्क आणि युरोपसाठी छापलेली डिस्क यांच्यातील खेळ आपल्या दृष्टीने एकच असला, तरी कन्सोलच्या लेखी त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि त्यांचे क्रमांकही वेगळे असतात. भारतातील दुकानातून घेतलेला संच आपल्या विभागाचा खेळ शोधतो, तो त्याला सापडत नाही, म्हणून तो निमूटपणे पडून राहतो. आपली डिस्क कोणत्या विभागाची, हे खोक्यावरील वयोगटाच्या चिन्हावरून लगेच समजते. अमेरिकेच्या खोक्यावर ‘ई 10+’ असे ईएसआरबी या तिकडच्या वयोगट ठरवणाऱ्या संस्थेचे चिन्ह असते, तर युरोपीय खोक्यावर पेगी या युरोपीय वयोगट-पद्धतीचा 7 हा आकडा असतो, आणि भारतातील दुकानांत मिळणाऱ्या खोक्यांवर बहुधा हा दुसराच दिसतो.

माझी खरी चूक यानंतरची आहे, आणि तीच आपण करू नये म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. कुलूप निघत नाही म्हटल्यावर मी खेळाडूंची मते वाचत बसले. खेळ नवा असताना काहींच्या मोहिमा मध्येच अडकत होत्या, त्यांनी तसे लिहिले होते, आणि काहींना पुन्हा सुरुवात केल्यावर फरक पडला होता. त्यांचा अनुभव खरा असेल, पण त्यांचे दुखणे वेगळे होते. मी ते माझेच आहे असे धरून चालले. प्रथम खेळ काढून पुन्हा घातला, त्यात सगळे अपडेट उतरायला रात्र गेली. आणि तरीही कुलूप दिसल्यावर, साठवलेल्या प्रगतीतच काहीतरी बिघडले असावे असे समजून मी तीही पुसली. तिची दुसरी प्रत कोठेही नव्हती. या खेळात एकूण 1,166 कायबर ब्रिक, म्हणजे शोधून गोळा करायच्या विटा, आहेत. त्यांपैकी चारशेहून अधिक माझ्या मुलीने सुट्टीभर बसून स्वतः शोधल्या होत्या, आणि त्यातील बऱ्याचशा कोडी सोडवून मिळवलेल्या होत्या. सकाळी उठल्यावर तिने रिकामी यादी पाहिली आणि मला एकही प्रश्न विचारला नाही. हजारभर रुपये वाया गेले त्यापेक्षा मला ते अधिक लागले, आणि आजही लागते.

मदत केंद्राचे नाव मी येथे घेणार नाही, कारण माझा हेतू तक्रार नोंदवण्याचा नाही. पण जे झाले ते सांगायला हवे. दुकानाच्या मदत केंद्राने सांगितले की, हा प्रश्न खेळाच्या प्रकाशकांचा आहे. प्रकाशकांकडून उत्तर आले की, खरेदी दुकानातून झाली असल्याने दुकानाकडे जावे. प्रत्येक वेळी नव्या व्यक्तीने तीच माहिती पुन्हा मागितली, तीच छायाचित्रे पुन्हा मागितली, कन्सोल बंद करून चालू करण्याचा तोच सल्ला दिला. पाचव्या आठवड्यात एका व्यक्तीने प्रथमच डिस्क कोठली आहे असे विचारले, आणि उत्तर मिळताच कारणही सांगितले. हा एक प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला गेला असता, तर मी प्रगती पुसली नसती. पैसे मात्र परत मिळाले नाहीत, कारण एकदा डाउनलोड झालेल्या सामग्रीची रक्कम परत करत नाहीत, असा त्यांचा नियम होता. लहान मुलांसाठी जी वस्तू विकली जाते, तिच्या खरेदीच्या पानावर ‘आपली डिस्क याच विभागाची असल्याची खात्री करा’ एवढे एक वाक्य मोठ्या अक्षरांत का असू नये, हे मला आजवर समजलेले नाही.

आता आपल्यापुढे काय मार्ग आहेत ते पाहू. मला सर्वांत स्वच्छ वाटणारा मार्ग असा की, अमेरिकेची डिस्क विकून किंवा बदलून भारतात मिळणारी डिस्क घ्यावी. म्हणजे आपण घेतलेला संच चालू होईल, आणि यापुढची खरेदीही सरळ होईल. मात्र वेगळ्या विभागाच्या डिस्कला जुनी प्रगती बहुधा ओळखता येत नाही, त्यामुळे मुलाने बरेच अंतर कापले असेल, तर त्याला आधी विचारा आणि निर्णय त्याच्या संमतीने घ्या. दुसरा मार्ग म्हणजे डिस्क तशीच ठेवून जादा पात्रांचा नाद सोडणे. त्यातही फारसे बिघडत नाही, कारण मूळ खेळातच शेकडो पात्रे आहेत. अमेरिकेतील पत्त्याचे वेगळे खाते काढून त्यातून संच घेणारे लोक आहेत, आणि तो संच चालतोही. पण ते आपल्या कन्सोलच्या अटींत बसते की नाही हे ज्याचे त्याने वाचून ठरवावे. मी कायद्याची किंवा तंत्रज्ञानाची जाणकार नाही. एका घरात जे झाले तेच मी सांगते आहे. रक्कम परत मागायची असल्यास पहिल्याच पत्रात डिस्कचा विभाग, खात्याचा देश आणि खोक्याच्या कण्यावरचा क्रमांक या तीन गोष्टी लिहा, म्हणजे निदान आमच्यासारखे पाच आठवडे जाणार नाहीत.

राहिला प्रश्न, खेळ चांगला आहे की नाही. यावर खेळाडूंत जे दोन तट दिसतात, त्यांचे कारण बहुतेक वेळा वयात आणि सवयीत असते. 2005 साली आलेला पहिला लेगो स्टार वॉर्स, 2006 मधील दुसरा आणि 2007 मध्ये दोन्ही एकत्र करून काढलेला ‘द कंप्लीट सागा’ यांवर जे वाढले, त्यांच्या मनात लेव्हल म्हणजे एक लांबलचक, कोड्यांनी भरलेली वाट असते. ‘कंप्लीट सागा’त सहा चित्रपटांच्या मिळून 36 लेव्हल होत्या, म्हणजे प्रत्येकी सहा. 2022 च्या एप्रिलमध्ये आलेल्या या खेळात नऊ चित्रपट आहेत आणि लेव्हल 45, म्हणजे प्रत्येकी पाच. त्यांतल्या काही तर एखादी लढाई संपली की संपतात. खेळाचा मोठा भाग लेव्हलच्या बाहेर, ग्रहांवर मोकळे हिंडण्यात आहे. जुन्या खेळाडूंना ही उणीव वाटते, आणि लेव्हलपुरते बोलायचे तर त्यांचे म्हणणे मला पटते. पण माझ्या मुलीला टॅटूइन या वाळवंटी ग्रहावर निरुद्देश भटकत, भिंतीमागे लपलेली वीट शोधत बसणे हाच खरा खेळ वाटला. आपल्या मुलालाही तसे वाटेल, असे मी म्हणणार नाही.

दोघांनी मिळून खेळताना मात्र मला एक गोष्ट खरोखर खटकते. 2009 च्या ‘लेगो इंडियाना जोन्स 2’पासून लेगो खेळांत एक सुंदर सोय होती. दोन खेळाडू एकमेकांपासून दूर गेले की पडदा दुभंगत असे, आणि जवळ आले की पुन्हा एक होत असे. या खेळात कॅमेरा पात्राच्या पाठीशी आला, आणि दोघे असल्यावर पडदा कायमचा दुभागलेला राहतो. आमचा टीव्ही 32 इंची आहे. पहिले दोन दिवस मुलगी स्वतःच्या अर्ध्या भागाऐवजी माझ्याच भागाकडे पाहत होती, आणि आपले पात्र हलत का नाही, असे विचारत होती. टीव्ही लहान असेल तर दोघांनी जवळ बसावे लागते. इंटरनेटवरून दूरच्या भावंडाबरोबर खेळण्याची सोय या खेळात दिलेली नाही. दुसरा खेळाडू त्याच खोलीत, दुसरा कंट्रोलर घेऊन बसलेला असावा लागतो. अनेकांनी याबद्दल नाराजी लिहिली आहे. पण मला स्वतःला मुलीशेजारी बसून खेळण्यातच आनंद असल्यामुळे ती उणीव जाणवली नाही. प्रगती पहिल्या खेळाडूच्या नावावर साठते, म्हणून पहिला कंट्रोलर मुलाच्या हाती आणि त्याच्याच खात्यावर द्यावा, एवढे मात्र लक्षात ठेवा.

मुलाला जुने खेळ अधिक का आवडतात, याबद्दल माझा एक अंदाज आहे, आणि तो मराठी माध्यमातल्या मुलांच्या पालकांना उपयोगी पडेल. सुरुवातीच्या लेगो खेळांत पात्रे बोलतच नसत. हुंकार, हातवारे आणि चेहरे यांवर सारी कथा चाले. आपल्याकडे मूकाभिनय पाहताना जसे कोणत्याही भाषेच्या मुलाला सर्व समजते, तसेच ते होते. 2012 च्या ‘लेगो बॅटमन 2’पासून पात्रे इंग्रजीत बोलू लागली, आणि विनोद बराचसा वाक्यांत गेला. हा खेळ घरी आला तेव्हा माझी मुलगी दुसरीत, मराठी माध्यमात होती. वेगाने बोललेले इंग्रजी संवाद तिच्या डोक्यावरून जात, आणि मोठी माणसे हसत असताना आपल्याला हसू येत नाही, याचे तिला वाईट वाटे. या खेळाच्या ‘एक्स्ट्राज’ यादीत ‘मंबल मोड’ नावाची सोय आहे, ती चालू केली की सर्व पात्रे पूर्वीसारखी नुसती पुटपुटतात. ती चालू केल्याच्या संध्याकाळी मुलगी प्रथमच पूर्ण दृश्य हसत पाहत बसली. माझ्या मते या खेळाबद्दलची कोणतीही तुलना करण्याआधी ही सोय चालू करून पाहायला हवी. कथेची सुरुवात पहिल्या, चौथ्या किंवा सातव्या भागापासून करता येते. चित्रपट न पाहिलेल्या मुलासाठी मी चौथा सुचवेन, कारण त्यातील बरे आणि वाईट कोण हे न सांगताही कळते.

लढाईची पद्धत नवी आहे, एकच बटण सतत दाबले तर शत्रू वार अडवू लागतात, याबद्दलही टीका झाली आहे. आठ वर्षांच्या मुलाला तिची अडचण होईल असे मला वाटत नाही. पात्र मोडले तरी काही स्टड, म्हणजे खेळातली नाणी, सांडतात आणि खेळ पुढे चालू राहतो. हा खेळ तरीही मानवला नाही, तर 2013 साली आलेल्या आणि 2017 मध्ये इतर कन्सोलवर निघालेल्या ‘लेगो सिटी अंडरकव्हर’चा विचार करा; त्यातील पोलीस शिपायाचे वेषांतर मुलांना फार आवडते, आणि नंतरच्या आवृत्तीत दोघांना खेळता येते. पण मला विचाराल तर मंबल मोडवर एक आठवडा काढल्याशिवाय डिस्क विकू नका.

आज रात्री एवढेच करा : साठवलेल्या प्रगतीची एक प्रत पेनड्राइव्हवर किंवा कन्सोलच्या ऑनलाइन साठ्यावर, जी सोय आपल्याकडे असेल तीवर, काढून ठेवा. त्यानंतर खोक्याचा कणा आणि वयोगटाचे चिन्ह दिसेल असे छायाचित्र येथे टाका, म्हणजे डिस्कचा विभाग मी नक्की सांगू शकेन. खरेदीचा क्रमांक आणि खात्याचे नाव मात्र त्यात दिसू देऊ नका.