पेंडीच्या बादलीचा वास आणि गुलाबांची भूक

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही कोथरूडला चौथ्या मजल्यावर राहतो. सोसायटीच्या गच्चीवर माझ्या गुलाबाच्या पंधरा कुंड्या आहेत. मार्केट यार्डातून शेंगदाणा पेंड आणली आणि गूळ, ताक घालून झाकणाच्या मोठ्या बादलीत भिजवली. 'जितकी कुजेल तितकी ताकद वाढते' असं ऐकलं होतं, म्हणून तीन आठवडे झाकण काढलं नाही. परवा उघडलं तर वास खाली दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला. सेक्रेटरींनी बादली हलवायला सांगितलंय. हे पाणी गुलाबांना चालेल का? आणि वास न येता पेंड देता येते का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : बादली ओतून देऊ नका, आणि आहे तशी कुंड्यांत तर मुळीच ओतू नका. आधी तिचा बंदोबस्त करू, मग पुढच्या वेळचं बोलू.

एखादा जुना फळांचा क्रेट किंवा भोकं पाडलेला ड्रम घ्या. त्यात वाळलेला पालापाचोळा चांगला वीतभर दाबून भरा. आपल्याकडे थंडी संपता संपता रस्तोरस्ती पानांचे ढीग लागतात आणि लोक ते पेटवून देतात, ते बघून माझा जीव तुटतो. अशी दोन पोती प्रत्येक गच्चीवर असायलाच हवीत. या पाल्यावर बादलीतला गाळ आणि पाणी थोडं थोडं ओता, खुरप्याने कालवा, आणि वर दोन-तीन बोटं जुनं शेणखत किंवा तयार कंपोस्ट पसरा. हा वरचा थरच वास धरून ठेवतो, कारण त्यातले जिवाणू वर येणारे वायू तिथेच खाऊन टाकतात. दोन दिवसांत वास बसेल आणि दोनेक महिन्यांत उत्तम खत हाती येईल. काम सकाळी लवकर, उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करा. बंद बाथरूममध्ये किंवा काचा लावलेल्या बाल्कनीत अशी बादली कधीच उघडू नका. त्या वासात हायड्रोजन सल्फाइड असतो आणि कोंडलेल्या जागेत तो घातक ठरतो.

आता त्या 'ताकदी'बद्दल. ही समजूत मला पत्रांतून सारखी भेटते आणि तिच्यामुळे चांगलं खत वाया जातं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. शेंगदाणा पेंडीत नत्र सात टक्क्यांच्या आसपास असतं. शेणखतात ते जेमतेम अर्धा ते एक टक्का. म्हणजे पेंड मुळातच जोरकस आहे, ती कुजवून आणखी जोरकस होत नाही. पेंडीतलं नत्र प्रथिनांमध्ये अडकलेलं असतं. जिवाणू ती प्रथिनं फोडतात, त्यातून अमोनियाच्या रूपातलं नत्र सुटतं, आणि मातीत हवा खेळती असेल तर दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. गुलाबाची मुळं मुख्यतः हे नायट्रेट घेतात. हे शेवटचं काम मातीत होतं, झाकण लावलेल्या बादलीत होत नाही, कारण त्या जिवाणूंना हवा लागते. हवा संपली की बादलीत वेगळीच मंडळी राज्य करू लागतात आणि सडका वास सुरू होतो.

त्यामुळे बादलीवर नाक नेऊन बघायची सवय लावा. आंबूस वास असेल तर सगळं ठीक चाललंय. नाकाला झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा वास आला तर तो अमोनिया, म्हणजे तुम्ही पैसे मोजून आणलेलं नत्र हवेत उडून चाललंय. आणि सडक्या अंड्याचा वास आला, वर करडी साय धरली, तर आत हवा उरलेली नाही. वास जितका मोठा तितकं गुलाबाच्या वाट्याचं कमी, असाच हिशेब धरा.

दुसरं म्हणजे प्रमाण. पंधरा कुंड्यांना मोठी बादली भरून पेंड लागतच नाही! एक मूठ, म्हणजे साधारण पन्नास ग्रॅम पेंड एक लिटर पाण्यात भिजवा. ज्या भांड्यात भिजवाल ते अर्धं रिकामं राहू द्या, झाकणाऐवजी जुन्या सुती साडीचा तुकडा बांधा. हवा आत जाते आणि डास अंडी घालत नाहीत. सकाळ-संध्याकाळ काठीने तळापासून ढवळा. उन्हाळ्यात दोन दिवस, थंडीत तीन, फार तर चार दिवस पुरे. वर बारीक फेस आला आणि ढवळताना बुडबुडे सुटू लागले की गाळून घ्या आणि त्यात दहापट पाणी मिसळा. फिक्या चहासारखा रंग आला पाहिजे. गूळ घालायचा तर सुपारीएवढा. ताक घालायचं तर बिनमिठाचं, चमचाभर. ताकातलं मीठ कुंडीत साठत जातं आणि पानांच्या कडा करपतात.

द्यायच्या आदल्या दिवशी कुंड्यांना साधं पाणी द्या. कोरड्या मातीत कुठलंही खत मुळांना चटका लावतं. मग संध्याकाळी वरची माती बोटभर हलवून प्रत्येक बारा इंची कुंडीला अर्धा लिटर घाला आणि माती सारखी करा. गाळलेला चोथा टाकू नका, तोही त्या पाल्याच्या क्रेटमध्ये जाईल. पाणी पानांवर उडू देऊ नका.

आणि वेळ पाहा. पुण्यात गुलाबाची मुख्य छाटणी पाऊस नक्की गेल्यावर, म्हणजे दसऱ्याच्या सुमारास करायची. छाटल्या छाटल्या खत देण्याची घाई नको. फांदीवरचे डोळे लालसर होऊन फुगू लागले की पहिलं पाणी, मग दर पंधरा दिवसांनी एकदा, आणि कळीने रंग दाखवला की थांबायचं. छाटणीपासून फुलापर्यंत साधारण दीड महिना जातो, कडक थंडीत थोडा जास्त. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला फूल न्यायची हौस असेल तर तिथून उलटे दिवस मोजून काही कुंड्या मागाहून छाटा. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र असलं काही देऊ नका. पावसात ते वाहून जातं, आणि जोमात फुटलेल्या कोवळ्या पानांवर काळे ठिपके पडायला निमित्त मिळतं.

सोसायटीत वाद नकोच असेल तर पेंड भिजवायचं सोडा आणि निंबोळी पेंड वापरा. तिच्यात नत्र शेंगदाणा पेंडीपेक्षा कमी, पण ते सावकाश सुटतं. दीड-दोन महिन्यांनी एकदा एक मूठ कडेच्या मातीत मिसळून वर माती ओढायची. किंचित कडवट वास येतो, तोही एक-दोन दिवस. पेंड उघडी राहिली तर तिच्यावर पांढरी बुरशी दिसते. ती झाडाला काही करत नाही, पण दिसायला बरी नाही आणि मुंग्याही येतात, म्हणून झाकायची.

प्रश्न : काकू, आमचं सिंहगड रोडला छोटं बैठं घर आहे, अंगणात जमिनीत लावलेले सहा गुलाब आहेत. माहेर रत्नागिरीचं, त्यामुळे घरात मासळी असतेच. आई नारळाच्या आळ्यात मासळी धुतलेलं पाणी ओतायची. गुलाबाला चालेल का? शेजारच्या काकू शाकाहारी आहेत, त्यांना त्रास व्हायला नको. (एक वाचक, सिंहगड रोड)

उत्तर : चालेल, आणि जमिनीत गुलाब आहेत हे तुमचं भाग्य. पाणी मीठ-हळद लावण्यापूर्वीचं असावं. ते आळ्यात ओतून लगेच वर साधं पाणी आणि दोन ओंजळी माती टाका. डोकी, खवले, आतडी मात्र नुसती पुरून भागत नाही. खोडापासून फूटभर लांब, दीड फूट खोल खड्डा घ्या, तळाशी सुका पाला, मग मासळी, पुन्हा पाला, आणि माती पायाने नीट दाबा. वर फरशीचा तुकडा ठेवा, नाहीतर रात्री मांजर उकरेल. तुमच्या भागात घुशी असतील तर पुरण्याच्या भानगडीत पडूच नका.

मग मासळी-गूळ अर्क करा. गणेश पेठेतल्या मासळी बाजारातून आणलेल्या मासळीचा जो टाकाऊ भाग निघतो, त्याचे तुकडे आणि तेवढ्याच वजनाचा किसलेला गूळ बरणीत थरावर थर घाला. बरणी पाऊण भरा, तोंडाला कापड बांधा आणि सावलीत ठेवा. गूळ मोजताना हात आखडता घेऊ नका. गूळ पुरेसा असेल तर मासळीचं पाणी गुळात ओढलं जातं, सडवणाऱ्या जिवाणूंना वाव मिळत नाही, आणि तीन-चार आठवड्यांनी आंबटगोड वासाचा दाट तपकिरी रस मिळतो. कमी पडला की तुम्ही, शेजारच्या काकू आणि माशा, सगळ्यांनाच त्रास. गाळून लिटर पाण्याला दोन-तीन मिली, पंधरा दिवसांतून एकदा. आणि काकूंना आधी सांगून ठेवा, त्यांच्याही तुळशीशेजारच्या गुलाबाला थोडा द्या.

प्रश्न : गुलाबाला एरंड पेंड चांगली असं दुकानदाराने सांगितलं. घरात कुत्रा आहे. वापरू का? (एक वाचक, औंध)

उत्तर : नाही. खत म्हणून ती चांगली आहे, पण एरंडाच्या बियांमधलं रिसिन हे विष पेंडीत राहू शकतं आणि कुत्री ती वासाने आवडीने खातात. घरी असेल तर आजच हलवा. कुत्र्याने खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी उलट्या सुरू होण्याची वाट न पाहता त्याला पशुवैद्यांकडे न्या. हाडांच्या चुऱ्यासाठीही कुत्री कुंड्या उकरतात. तुम्ही निंबोळी पेंडच वापरा, आणि तीही मातीआड.

प्रश्न : दर आठवड्याला जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ, बेसन भिजवून आंबवलेलं पाणी) देते, तरी नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. अजून किती देऊ? पाणी बोअरचं आहे. (एक वाचक, हडपसर)

उत्तर : आणखी देऊ नका. तुमचा गुलाब उपाशी नाही. नत्र कमी पडलं तर आधी खालची जुनी पानं पिवळी पडतात. कोवळं पान पिवळं आणि शिरा हिरव्या, हे लोह न मिळाल्याचं लक्षण. लोह मातीत असतं, पण चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यात ते अडकून बसतं. कुंडीच्या कडेला पांढरी पुटं धरली आहेत का बघा. चिमूटभर कोरडी माती बशीत घेऊन वर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसली तर चुना आहेच.

चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह, लिटरला अर्धा ग्रॅम घालून संध्याकाळी पानांवर फवारा, आठ-दहा दिवसांनी पुन्हा. बोअरऐवजी जमेल तेव्हा नळाचं पाणी द्या, आणि पावसाळ्यात पागोळ्यांचं पिंपात धरून ठेवा, झाकण लावून. पुढच्या छाटणीला कुंडीतली निम्मी माती बदला आणि शेणखत सढळ हाताने घाला. जीवामृत महिन्यातून एकदा पुरे, भिजवल्यापासून आठवड्याच्या आत संपवायचं. आधी पिवळी झालेली पानं पूर्ण हिरवी होतीलच असं नाही, त्यामुळे फवारणीनंतर फुटणाऱ्या पानांकडे बघा.