आपले प्रश्न, आपली हवा

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. यंदा शाळेने वर्गात एसी बसवले आणि खिडक्या कायमच्या बंद केल्या. घरी येतो तो डोकं धरूनच. रविवारी मात्र काही त्रास नसतो. शाळेचं म्हणणं, एअर प्युरिफायर आहे, कुंड्याही ठेवल्यात, मग तक्रार कसली? – एक आई, भांडुप

उत्तर : ताई, तुमच्या शाळेने सगळं आणलं, बाहेरची हवा तेवढी राहिली. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो, तिच्यातलं पाणी काढतो आणि तीच परत सोडतो. बाहेर लटकणारं युनिट फक्त उष्णता टाकतं. त्या तांब्याच्या नळ्यांतून गॅस फिरतो, हवा नाही. माझी नोकरी फोर्टातल्या ऑफिसांचे एसी प्लान्ट सांभाळण्यात गेली. तिथे ताज्या हवेचा डक्ट वेगळा असायचा, आणि वीजबिल वाढलं की साहेब पहिल्यांदा तोच बंद करायला सांगायचे!

हिशेब करून बघा. वर्ग २० बाय २५ फुटांचा, उंची १० फूट, आत ५० मुलं. बसल्याजागी एक मूल तासाला साधारण १२ ते १५ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं. बाहेरच्या हवेत हा वायू दहा लाखांत सुमारे ४२० भाग असतो. खोली घट्ट बंद असेल तर पंधरा मिनिटांत आकडा दीड हजाराच्या घरात जातो. म्युनिकच्या माक्स फॉन पेटेनकोफर यांनी बंद खोलीसाठी हजाराची मर्यादा सुचवली ती १८५८ मध्ये! एवढ्या प्रमाणात हा वायू विषारी नसतो. पण एकमेकांचे उच्छ्वास किती साठलेत ते त्यावरून कळतं, आणि एकाची सर्दी वर्गभर का फिरते तेही. आत बसलेल्यांच्या नाकाला सवय होते. बाहेरून आलेल्या शिपायाला विचारा, तो खरं सांगेल.

प्युरिफायर धूळ पकडतो, डिसेंबर-जानेवारीच्या धुरकट दिवसांत तो हवाच. पण कार्बन डायऑक्साइड त्याच्या फिल्टरमधून सरळ निघून जातो. कुंड्या शोभेला छान.

उपाय फार खर्चाचा नाही. एका बाजूला एक्झॉस्ट फॅन आणि समोरच्या बाजूला हवा आत यायला फट. फट नसेल तर फॅन नुसता आवाज करतो. एसी चालू असतानाही व्हरांड्याकडची तावदानं चार बोटं उघडी राहू द्या, बिल थोडं वाढेल. दर तासिकेनंतर पाच मिनिटं दार-खिडक्या उघडा. रस्त्याकडे ट्रॅफिक असेल किंवा पावसाची झड येत असेल तर त्या बाजूचं एखाद दिवस राहू दे. जुन्या इमारतींत दारांवर झरोके असतात. फॉल्स सीलिंगने ते झाकले असतील तर आधी तेच मोकळे करायला सांगा.

पालक सभेत नुसती तक्रार मांडू नका. इन्फ्रारेड सेन्सरचा कार्बन डायऑक्साइड मीटर मागवून घ्यायला सांगा. मुलांच्या डोक्याच्या उंचीवर, खिडकीपासून आणि कुणाच्या तोंडापासून लांब ठेवून, लागोपाठच्या दोन तासिकांच्या शेवटी आकडा बघायचा. बाकावर बसलेल्या मुलाला एसीचा झोत थेट लागत नाही ना, तेही बघा. आणि हे सगळं होईपर्यंत मुलाचे डोळे तपासून घ्या, पाण्याची बाटली भरलेलीच घरी येते का तेही पाहा. डोकं त्यानंही दुखतं.