प्रेट्झेलच्या (गडद, तुकतुकीत सालीच्या जर्मन पावाच्या) पिठात गुंडाळलेले हॉट डॉग, म्हणजे सॉसेज, घरी करते. हॉट डॉगभोवती चीजची स्लाइस गुंडाळून वर पीठ लावते आणि सोड्याचं पाणी ब्रशने फिरवते, पण आतलं चीज वाहून जातं आणि वरचा रंग फिकटच राहतो. काय चुकतंय?

तुमचं पिठाचं प्रमाण (५०० ग्रॅम मैदा, २८० मिली कोमट पाणी, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ४० ग्रॅम लोणी, चमचाभर साखर, १० ग्रॅम मीठ) अगदी योग्य आहे, त्याला हात लावू नका. तासाभरात ते दुप्पट फुगतं आणि त्यात दहा हॉट डॉग आरामात होतात. अडचण पुढे आहे, गुंडाळण्यात आणि सोड्याच्या पाण्यात.

आधी रंगाचं बोलू. तुम्ही सोड्याचं पाणी ब्रशने लावता, तेवढ्याने भागत नाही. त्याने मिळतो तो साधा पाव, प्रेट्झेल नाही. प्रेट्झेलचा तो गडद तपकिरी रंग, ती तुकतुकीत साल आणि तो खास वास, तिन्ही गोष्टी अल्कलीच्या, म्हणजे सोड्यासारख्या क्षाराच्या पाण्यातून येतात. पृष्ठभाग अल्कलीयुक्त झाला की पिठातली प्रथिनं आणि साखर यांच्यातली भाजण्याची प्रक्रिया खूप वेगाने होते. शिवाय उकळत्या पाण्यात वरच्या थरातला स्टार्च लगेच शिजतो, त्याचीच पुढे ती चिवट, चमकदार साल बनते. म्हणून दोन लिटर पाण्याला ८० ते १०० ग्रॅम खायचा सोडा घ्या आणि प्रत्येक तुकडा उकळत्या पाण्यात २० ते ३० सेकंद बुडवा. वर तरंगला तर झाऱ्याने त्यावर पाणी घालत राहा. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त ठेवलात तर साबणासारखी चव येते. भांडं स्टीलचंच हवं, अॅल्युमिनियमवर अल्कलीची प्रक्रिया होते. सोडा चमच्याचमच्याने घाला, एकदम ओतला तर पाणी फसफसून ओट्यावर येईल. आणि हो, बेकिंग पावडर इथे अजिबात चालत नाही.

पारंपरिक जर्मन बेकऱ्यांमध्ये कॉस्टिक सोड्याचं सौम्य द्रावण वापरतात. रंग त्याने अप्रतिम येतो, पण हातमोजे आणि चष्म्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये. घरी मी त्याऐवजी खायचा सोडा ट्रेमध्ये पसरून १२० अंशांवर तासभर भाजून ठेवते. त्याने तो बराच तीव्र होतो, नेहमीच्या मानाने कमी पुरतो आणि रंगात फरक डोळ्यांना दिसतो. भाजलेला सोडा मात्र कोरड्या चमच्यानेच घ्यायचा, हाताला झोंबतो.

आता चीज. हॉट डॉगभोवती चीजची स्लाइस गुंडाळून वर पीठ, ही पद्धत सोडा. पिठाच्या प्रत्येक वेढ्याच्या सांध्यातून वितळलेलं चीज वाट काढणारच. त्याऐवजी हॉट डॉगला लांबीत चीर द्या, पण आरपार नको आणि दोन्ही टोकांना बोटभर जागा सोडा. त्या खाचेत चीजची बारीक कांडी दाबून बसवा, ती वर डोकावता कामा नये. जुनं, मुरलेलं चेडर तापलं की तेल सोडतं. प्रोसेस्ड चीज किंवा कमी पाण्याचं मोझरेला जास्त सांभाळून राहतं.

पीठ गुंडाळण्याआधी हॉट डॉग कागदी रुमालाने अगदी कोरडे करा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग ओल्या हॉट डॉगवरून पीठ घसरतं, वेढे सैल पडतात. पिठाची साधारण ४५ सेंटिमीटरची दोरी वळा. ती आखडत असेल तर ओढू नका, झाकून पाच मिनिटं विसावू द्या, मग आपोआप लांबते. चीर झाकली जाईल असे वेढे एकमेकांना चिकटवून घ्या, हॉट डॉगची टोकं उघडी राहिली तरी चालतील. दोरीची दोन्ही टोकं मागच्या वेढ्याखाली खोचून चिमटीने घट्ट बंद करा.

यानंतर तुकडे न झाकता २० मिनिटं फ्रिजमध्ये. माझ्या मते सगळ्या कृतीत हीच पायरी सर्वात मोलाची. पिठावर पातळ कोरडी त्वचा धरते, त्यामुळे पाण्यात सोडताना आकार मोडत नाही. आतलं चीज गार राहतं, म्हणून ते उशिरा वितळतं आणि तोवर बाहेरचं पीठ धरलेलं असतं.

पाण्यातून काढले की नीट निथळा, तेल लावलेल्या बेकिंग पेपरवर ठेवा (कोऱ्या कागदाला हे हमखास चिकटतात), जाडं मीठ भुरभुरा आणि २२० अंशांवर १२ ते १५ मिनिटं भाजा. घड्याळापेक्षा रंगाकडे बघा, चॉकलेटी छटा येईपर्यंत थांबायचं. वरूनही चीज हवं असेल तर शेवटच्या तीन मिनिटांत किसून घाला.

हे सगळं आधीच शिजवलेल्या हॉट डॉगसाठी आहे. कच्चे सॉसेज वापरणार असाल तर ते आधी पूर्ण शिजवून, गार करूनच गुंडाळा, कारण एवढ्या वेळात ते आतून शिजतीलच याचा भरवसा नाही. उरवायचे असतील त्यांवर मीठ घालू नका, रात्रीतून ते ओलावा ओढतं आणि साल चिकट होते. गार झाल्यावर फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी १८० अंशांवर आतपर्यंत गरम होऊ द्या. मायक्रोवेव्हमध्ये पीठ वातड होतं.