व्हिक्टर बर्गर: दोनदा निवडून आला, दोनदा दारातूनच परत

निवडून आलेल्या माणसाला अमेरिकन काँग्रेसने दोनदा आत घेतलंच नाही ही गोष्ट खरी की व्हॉट्सअॅपवाली, आणि तो जेलमध्ये गेला का, असं विचारलंय तुम्ही. खरी आहे. व्हिक्टर बर्गर, अमेरिकेतल्या मिलवॉकी शहराचा.

1860 साली ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात ज्यू घरात जन्म, मिलवॉकीत येऊन शाळेत जर्मन शिकवायचा, मग मास्तरकी सोडून पेपर चालवायला लागला. 1910 ला निवडून आला, काँग्रेसमधला पहिला समाजवादी. पण क्रांती वगैरे मनात आणू नका, या मंडळींना लोक चिडवायचे 'सुअर सोशलिस्ट' म्हणून (सुअर म्हणजे इंग्रजीतलं गटार, आपलं डुक्कर नव्हे) कारण यांचं सगळं लक्ष शहराचं पाणी, ड्रेनेज, शाळा यातच. 1911 ला त्याने पेन्शनचं बिल आणलं, साठीपुढच्यांना आठवड्याला जास्तीत जास्त 4 डॉलर. अर्थात पास झालं नाही, तिथे देशभराची पेन्शन यायला 1935 उजाडलं.

मला स्वतःला त्याचं 1912 चं काम सगळ्यात मोठं वाटतं. मॅसॅच्युसेट्समधल्या लॉरेन्स गावच्या कापड गिरण्यांत संप झाला तेव्हा याने खटपट करून काँग्रेसच्या प्रतिनिधी सभागृहाच्या समितीपुढे सुनावणी लावली आणि साक्षीला चक्क गिरणीतली पोरं आली, त्यात 14 वर्षांची कॅमेला टिओली, मशीनमध्ये केस अडकून डोक्याची कातडी निघाली होती तिची, कित्येक महिने हॉस्पिटलात काढलेले.

मग आलं पहिलं महायुद्ध. बर्गर युद्धाच्या विरोधात, त्यात जर्मन बोलणारा, म्हणजे आयतंच सापडला. 1917 ला त्याच्या 'मिलवॉकी लीडर' पेपरची पोस्टाने स्वस्तात जायची सवलत सरकारने काढली, आणि पेपरातल्या 5 अग्रलेखांवरून एस्पिऑनेज (हेरगिरीविरोधी) कायद्याखाली केस. ती चालू असतानाच 1918 ला लोकांनी त्याला निवडून दिलं, 1919 ला जज लँडिसने 20 वर्षं ठोकली. सभागृहाने 14व्या घटनादुरुस्तीचा आधार घेऊन (मूळ यादवी युद्धातल्या बंडखोरांना पदापासून दूर ठेवायचं कलम बरं का हे) त्याला नाकारलं, त्याच्या बाजूने फक्त 1 मत. डिसेंबरात पोटनिवडणूक, दोन्ही मोठ्या पक्षांनी मिळून एकच उमेदवार दिला तरी बर्गरच आला, तेही आधीपेक्षा जास्त मतांनी! जानेवारी 1920 ला पुन्हा नाकारलं, यावेळी त्याच्या बाजूने 6.

मात्र त्याला डोक्यावर घेऊ नका, काळ्या लोकांबद्दल त्याने सुरुवातीला जे लिहिलंय ते आज वाचवत नाही आणि आशियातून येणाऱ्या मजुरांनाही त्याचा विरोधच होता, म्हणजे आपल्यालाही त्याने येऊ दिलं नसतं.

जेलचं म्हणाल तर ती 20 वर्षं त्याने भोगलीच नाहीत. अपील होईपर्यंत जामिनावर होता, आणि 1921 ला सुप्रीम कोर्टाने शिक्षा उडवली, कारण लँडिसवर पूर्वग्रहाचा आक्षेप घेतल्यावर त्याने केस सोडायला हवी होती, ती सोडली नाही. 1922, 24, 26 ला परत निवडून आला आणि मुकाट सभागृहात जाऊन बसला, 1928 ला हरला, पुढच्याच वर्षी मिलवॉकीतच ट्रामने उडवलं, त्यात गेला.