वाचक विचारतात: आजोबांचा याशिका, बुरशी आणि चोरबाजार

मागच्या अंकात आमच्या तालुक्याच्या फोटो स्टुडिओंमधल्या ट्विन-लेन्स कॅमेऱ्यांबद्दल लिहिलं आणि पत्रांचा ढीगच आला. त्यातल्या निम्म्या पत्रांत प्रश्न एकच, विकला तर किती येतील? त्याचं उत्तर मी देणार नाहीये, कॅमेरा हातात न घेता भाव सांगायचा म्हणजे पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल. बाकीच्यांतली काही पत्रं घेतलीत.

नमस्कार काका, आमच्या आजोबांचा लग्नाच्या फोटोंचा धंदा होता. त्यांचा याशिका मॅट १२४ जी कपाटात सापडला, चामड्याच्या केसमध्ये, वर डांबरगोळ्या टाकलेल्या. लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय. आता हा कॅमेरा गेलाच का? — एक वाचक, मिरज

नाही हो, एवढ्यात नाही. (आणि काका वगैरे म्हणालात, चालेल, पांढरे झालेत आता.) ते जाळं म्हणजे बुरशी. पण आधी हे बघा की ती कुठल्या लेन्समध्ये आहे. वरची लेन्स फक्त तुम्हाला बघायला असते, फोटो खालच्या लेन्समधून निघतो. वरच्या लेन्सला बुरशी असेल तर वरून बघायच्या काचेवर चित्र जरा धुरकट दिसेल, निगेटिव्हवर काही येणार नाही. लोक वरची लेन्स बघून घाबरतात आणि कॅमेरा मातीमोल भावात देऊन टाकतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

खालच्या लेन्ससाठी मागचं दार उघडा, शटर बी वर ठेवून उघडं धरा, अपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक, पूर्ण म्हणजे ३.५ वर आणा आणि मोबाइलचा टॉर्च मागून मारा. कडेला दोनचार धागे असतील तर फोटोत फरक कळतसुद्धा नाही. मधोमध मोठा डाग असेल तर सर्व्हिसिंगवाल्याला द्या, तो लेन्स खोलून साफ करेल, पण बुरशीने काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर खुणा राहणार, त्या कोणाच्या बापाला निघत नाहीत. घरी मऊ फडकं घेऊन घासत बसू नका आणि तेल तर अजिबातच नको. आजोबांच्या कॅमेऱ्यात शिवणाच्या मशीनचं तेल सोडणारे नातू मला दरवर्षी भेटतात, ते तेल शटरच्या पात्यांवर पसरतं आणि मग पाती एकमेकांना चिकटून बसतात.

आता केस. ती आजोबांची आठवण म्हणून जपा, पण कॅमेरा तिच्यातून बाहेर काढा. चामडं पावसाळ्यात ओल धरून ठेवतं आणि बुरशीला दुसरं काय हवं असतं? डांबरगोळ्याही काढा, त्यांची वाफ काचेवर बसते. किराणा ठेवायचा हवाबंद डबा घ्या, त्यात सिलिका जेल आणि छोटं आर्द्रतामापक टाका. ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहिलं की बास, ६५-७० च्या वर गेलं की समजा बुरशीला आमंत्रण. सिलिका निळी असेल तर ओली झाली की गुलाबी होते आणि गरम केली की परत वापरता येते, फक्त घरच्या पोळ्यांच्या तव्यावर नको, निळ्या जातीत कोबाल्ट असतो. एक जुनी कढई वेगळी ठेवा.

आणि महिन्यातून एकदा कॅमेरा काढून एक सेकंदापासून पाचशेपर्यंत (म्हणजे १/५०० सेकंद) सगळे स्पीड चालवा. बंद पडून राहिला की आतलं ग्रीस घट्ट होतं आणि पहिले मंद स्पीड अडकतात. एक सेकंद लावला आणि शटर कुरकुरत तीन सेकंदांनी बंद झालं तर तो मेला नाहीये, नुसता आळसावलाय, सर्व्हिसिंगमध्ये सुटतो. पाचशेचा स्पीड मात्र फिल्म पुढे सरकवायचा दांडा (क्रँक) फिरवायच्या आधी लावायची सवय ठेवा, जुन्या शटरांमध्ये त्याच्यासाठी जादाची स्प्रिंग असते आणि नंतर जोर केला तर तीच दुखावते. सेल्फ टायमर तर विसरून जा, जुन्या कॅमेऱ्यात सगळ्यात आधी तोच अडकतो.

त्याच मॉडेलबद्दल, माझ्या १२४ जी चा मीटर, म्हणजे प्रकाश मोजणारा काटा, चालत नाही. दुकानदार म्हणतो बॅटरी मिळत नाही, कॅमेरा शोकेसमध्ये ठेवा. — एक वाचक, ठाणे

दुकानदाराचं निम्मं खरं आहे. या मीटरला लागणारी पीएक्स ६२५ ही १.३५ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी होती, ती आता बंद झाली. तिच्या जागी तेवढ्याच आकाराची साधी १.५ व्होल्टची टाकली तर मीटर प्रकाश जास्त दाखवतो आणि तुमचे फोटो काळे येतात. श्रवणयंत्राची ६७५ नंबरची झिंक-एअर बॅटरी १.४ व्होल्टची असते, केमिस्टकडे मिळते, जरा लहान पडते म्हणून भोवती एक कडं घालावं लागतं. फक्त स्टिकर काढला की ती झिजायला लागते, काही आठवड्यांत संपली म्हणून मला शिव्या देऊ नका. आणि हो, हूड (वरचं झाकण) उघडलं की मीटर चालू होतो, तेव्हा काम झालं की हूड बंद.

पण शोकेस कशाला? शटर पूर्ण यांत्रिक आहे, त्याचा बॅटरीशी काही संबंध नाही. भर उन्हात अपर्चर १६ आणि स्पीड फिल्मच्या आयएसओच्या (फिल्म किती वेगाने प्रकाश टिपते त्या आकड्याच्या) जवळचा, म्हणजे शंभरच्या फिल्मला १/१२५. निम्म्या महाराष्ट्राच्या बारशा-मुंजी लोकांनी मीटरशिवाय काढल्यात.

मला पहिला मीडियम फॉरमॅट (१२० च्या मोठ्या फिल्मचा कॅमेरा) घ्यायचाय. मुंबईत चोरबाजारात जाऊ की पुण्यात जुन्या बाजारात? आणि रोलायफ्लेक्स घेऊ की हॅसलब्लाड? — एक वाचक, पुणे

बाजार कुठलाही असो, तिथे उन्हात चकाकणारा कॅमेरा घेऊ नका. चकाकी ही विकणाऱ्याने कालच फडक्याने आणलेली असते. नाकाला लावा, कुबट वास आला की लगेच खाली ठेवा. मग टॉर्च, मग कानाजवळ धरून एक सेकंद ऐका, मग फोकसचं नॉब पूर्ण आत-बाहेर फिरवा, मध्ये कुठे गचका बसला तर कधीतरी पडलाय. लेन्स बसवलेली पुढची पट्टी वाकडी असेल तर दोन्ही लेन्स एका रेषेत राहत नाहीत, वर शार्प दिसतं आणि खाली धूसर येतं. आणि मागे रिकामं स्पूल (फिल्म गुंडाळायचं रीळ) आहे का बघा, ते नसेल तर पहिला रोल घालणार कुठे?

रोलायफ्लेक्सच्या नावाचे पैसे खूप लागतात, १९२९ पासून त्या ब्राउनश्वाइगच्या कारखान्याचा दबदबा आहे आणि देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावालांसारख्या बाईंनी तो वापरला म्हटल्यावर भाव चढणारच. पण पहिला कॅमेरा म्हणून मी तरी याशिका किंवा रोलायफ्लेक्सचा स्वस्तातला भाऊ रोलायकॉर्डच सांगेन. हॅसलब्लाड ५०० सी भारी, १९५७ पासूनचा, मी नाही म्हणत नाही, पण त्यात बॉडी, लेन्स, मागची मॅगझिन (फिल्मचा डबा) हे सगळं एकमेकांशी जुळलेलं लागतं. बॉडीची स्प्रिंग भरलेली आणि लेन्सच्या शटरची सुटलेली असताना जोडायला गेलात की जाम, आणि मग जोर लावणारा हात पंधरा हजारांचं दुखणं करून ठेवतो. चंद्रावर गेलेला हाच, असं कोणी सांगितलं तर हसा आणि भाव उतरवा. चंद्रावर नेले ते खास बनवलेले होते आणि त्यात ७० मिलिमीटरची फिल्म होती.

बजेटमधले किमान निम्मे पैसे सर्व्हिसिंग आणि फिल्मला बाजूला ठेवा, हे माझं म्हणणं कोणी ऐकत नाही ते सोडा.

मी न्यू जर्सीत राहते. इथे सेलमध्ये आग्फा आयसोलेट हा घडीचा कॅमेरा मिळाला, पण फोकसची रिंग हलतच नाही. डिसेंबरमध्ये भारतात येताना फिल्म घेऊन यायचीय. — एक वाचक, न्यू जर्सी

आयसोलेटचं हे जगजाहीर दुखणं आहे. त्या काळचं ग्रीस हिरवं होऊन सिमेंटसारखं बसतं. पकडीने फिरवू नका, पुढची आणि मधली काच एकत्र चिकटलेली असते, दोन्ही एकदमच फिरतात आणि फोकसचं गणित कायमचं बिघडतं. जाणकाराला द्या. आणि अंधाऱ्या खोलीत टॉर्च आत धरून भाता (लेन्समागची घड्यांची काळी पिशवी) बघा, त्याच्या घड्यांच्या कोपऱ्यांत भोकं असतातच.

फिल्मचं म्हणाल तर चेक-इन बॅगेत कधीच नको. केबिन बॅगेसाठी आता कित्येक विमानतळांवर सीटी स्कॅनर आलेत, ते फिल्म खराब करतात, म्हणून हाताने तपासा अशी विनंती करा. त्यापेक्षा सोपं म्हणजे फिल्म इथेच घ्या आणि परत जायच्या आधी इथेच धुवून घ्या, निगेटिव्हला स्कॅनर काही करत नाही.

घरात आग्फा क्लिक-३ सापडला. याला फिल्म अजून मिळते? — एक वाचक, नाशिक

मिळते. तीच १२० ची, जी कोडॅकने १९०१ मध्ये आणली आणि अजून चालू आहे, बारा फोटो येतात. मागच्या लाल खिडकीवर काळी टेप लावा, नंबर बघतानाच काढा. ऊन असेल तरच फोटो काढा, घरात नाही.

माझ्या ट्विन-लेन्स कॅमेऱ्याची वरून बघायची काच अंधुक दिसते, आतला आरसा कळकटलाय. काचवाल्याकडून नवीन कापून घेऊ का? — एक वाचक, कोल्हापूर

नको! माझ्या सीगल या ट्विन-लेन्स कॅमेऱ्यात एका दुरुस्तीवाल्याने हेच केलं. साध्या आरशाचा मुलामा काचेच्या मागे असतो, त्यामुळे प्रकाश काचेची जाडी जास्त चालतो, चित्र डबल दिसतं आणि फोकस सरकतो. कॅमेऱ्यात पुढच्याच बाजूला मुलामा असलेला आरसा लागतो, फर्स्ट सरफेस म्हणतात तो, बंद पडलेल्या स्कॅनरमधून लोक कापून काढतात. मला हे तेव्हा माहीत नव्हतं, भाच्याच्या मुंजीचा पूर्ण रोल मी त्याच आरशात बघून फोकस केला, बाराच्या बारा धूसर. भाचा आता इंजिनिअरिंगला आहे आणि अजून विचारतो, मामा माझे फोटो कुठेत.