मशीनला तेल घालायलाच आयटीआय केला का?

सांगली जिल्ह्यातून एका आईने लिहिलंय: मुलाने फिटर ट्रेडचा दोन वर्षांचा आयटीआय केला. चार महिन्यांपासून तो भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून-कापून सुटे भाग काढतात तिथे, अप्रेंटिस आहे. बरोबरची पोरं सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) बसली आणि याच्या हातात तेलाचा डबा आणि कॉटन वेस्ट आलं. "मशीनला तेल घालायलाच शिकलो का?" म्हणत तो काम सोडायला निघालाय. आईला वेगळीच धास्ती आहे, गावातल्या एकाची बोटं प्रेसमध्ये गेलेली तिने पाहिली आहेत.

ताई, नमस्कार.

तुमच्या धास्तीचं आधी बोलू, कारण ती खरी आहे. पॉवर प्रेसची मोटर बंद केली म्हणजे प्रेस थांबला असं होत नाही. फ्लायव्हील, म्हणजे त्याचं जड चाक, नंतरही बराच वेळ फिरत राहतं आणि त्याच्यात साठलेला जोर रॅम (वर-खाली होऊन दाब देणारा भाग) खाली आणायला पुरतो. म्हणून डायमध्ये (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यात) हात घालण्याआधी मेन स्विच बंद, त्याला कुलूप, चावी स्वतःच्या खिशात, फ्लायव्हील पूर्ण थांबलेलं आणि रॅमखाली सेफ्टी ब्लॉक. हे तिथे रोज होतं का, एवढं लेकाला विचारा. दोन हातांनी दाबायच्या बटणांपैकी एक चिकटपट्टीने दाबून ठेवलेलं मी एका कारखान्यात पाहिलंय. उत्पादन वाढावं म्हणून! तसलं काही त्याच्याकडे चालत असेल तर सुपरवायझरला आणि आयटीआयच्या सरांना सांगू दे. तरीही सुधारलं नाही, तर खुशाल सोडू दे. त्या बाबतीत मी त्याला थांब म्हणणार नाही.

पण सगळं नीट असेल आणि नुसता तेलाच्या डब्याचा राग असेल, तर थांबावं. मी समुपदेशनात येण्याआधी सहा वर्षं प्रेस शॉपच्या मेंटेनन्समध्ये काढली आहेत. पहिले काही महिने मलाही हेच वाटायचं.

सकाळी तो एअर फिल्टरच्या वाटीतलं पाणी काढत असेल. काम दोन मिनिटांचं. एअर क्लचच्या प्रेसमध्ये हवेच्या दाबाने क्लच लागतो आणि हवा सुटली की स्प्रिंगच्या जोरावर ब्रेक लागतो. हवेबरोबर पाणी गेलं की व्हॉल्व्ह गंजतो, चिकटतो, हवा सुटायला उशीर होतो आणि तेवढाच ब्रेकही उशिरा लागतो. रॅम वर जिथे थांबायचा तिथे न थांबता थोडा पुढे सरकून थांबायला लागला, तर व्हॉल्व्ह किंवा ब्रेक लायनिंग बघायची वेळ झाली. ऑपरेटर दिवसभर नग मोजत असतो, त्याच्या लक्षात येईलच असं नाही. डबा घेऊन फिरणाऱ्याच्या यायला हवं.

तेलाचंही तसंच. रॅम ज्या गिबांमधून (दोन्ही बाजूंच्या सरकपट्ट्यांमधून) वर-खाली होतो तिथे तेल कमी पडलं की गिब झिजतात, फट वाढते, रॅम किंचित कलतो. मग रॅमला लावलेला पंच डायमध्ये सरळ उतरत नाही, एका बाजूची धार मरते आणि नगाला त्याच बाजूला बर (कडेची खरखरीत धार) येतो. टूलरूमवाले डाय ग्राइंड करून देतात, चार दिवसांनी बर परत हजर. अशा वेळी फीलर गेज घेऊन गिबची फट मोजणारा पोरगा शॉपमध्ये सगळ्यांना हवा असतो. डायची किंमत लाखांत जाते, ताई.

त्याला एक वही करायला सांगा. प्रेसचा नंबर, काय बिघडलं, आधी आवाज कसा येत होता, शेवटी दोष कुठे सापडला. व्ही-बेल्ट बदलले तर सगळा संच बदलला की एकच, हेसुद्धा. (जुन्यांत एकच नवा बेल्ट घातला की सगळा ताण त्याच्यावर येतो. घाईत हे सर्रास होतं.) मुलाखतीत अशी वही टेबलावर ठेवलेला उमेदवार मी पाहिलाय. त्याला फार प्रश्न विचारावे लागले नाहीत.

आता पुढचं. अप्रेंटिसशिप पूर्ण करून परीक्षा द्यावी, राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय असल्याने डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. तेवढी ऐपत किंवा इच्छा नसेल तर न्यूमॅटिक्स (हवेच्या दाबावर चालणारी यंत्रणा) आणि पीएलसी (मशीनचं नियंत्रण करणारा छोटा संगणक) शिकावं. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये अल्पमुदतीचे कोर्स असतात, तिथे चौकशी करा. नुसता पान्हा चालवणारे पुष्कळ मिळतात. पान्हाही येतो आणि कंट्रोल पॅनेलही वाचता येतं, असा माणूस चाकण-वाळूजला शोधावा लागतो.

सीएनसी वाईट नाही. पण बटण दाबून नग काढणं हे चार महिन्यांत जमतं आणि पुढे वर्षानुवर्षं तेच राहू शकतं. मित्र सेटिंग आणि प्रोग्रॅमिंग शिकत असेल तर गोष्ट निराळी, तेवढं त्याने विचारून घ्यावं.

स्टायपेंड वेळेवर मिळतो का आणि अप्रेंटिसशिपचा करार सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे का, हे पत्रात नाही. त्याच्याकडून कराराची प्रत मागवा आणि मला कळवा.